हात, हत्यार आणि बुद्धी

मर्दानी खेळांचे प्रात्यक्षिक पाहिले नाही असा शिक्षक कोल्हापूर जिल्ह्यात विरळाच सापडेल. पटाईत खेळाडू दांडपट्टा फिरवू लागला म्हणजे पात्याचा नुसता झोत दिसतो, आणि त्याच भरात समोर ठेवलेल्या लिंबाची दोन शकले होतात. पात्याचे टोक त्याच्या पंजापासून दोन हात लांब असते. ते अंतर तो मोजीत नाही, टोकाकडे टक लावूनही पाहत नाही. आपले बोट कोठे आहे हे जसे आपणांस न पाहता कळते, तसे ते टोक कोठे आहे हे त्यास कळत असते.

दुसरे उदाहरण शेतातले घ्या. ट्रॅक्टरामुळे बैलांचा नांगर आता कमी दिसू लागला असला, तरी ज्यांनी तो धरला आहे त्यांस हा अनुभव ठाऊक आहे. हातात असते ते रुमणे. मातीत, दृष्टीआड असतो तो फाळ. फाळाला दगड लागला, की मूळ सापडले, की नुसती ढेकळे फुटत आहेत, हे नांगरणारास तत्काळ समजते. विशेष हे की, धक्का तळहाताला बसत असूनही 'माझ्या तळहाताला काही लागले' असे त्यास वाटत नाही. 'फाळाला दगड लागला' असेच वाटते. त्याची जाणीव हातातून निघून फाळाच्या टोकाशी जाऊन बसलेली असते. चपला शिवणाऱ्या कारागिराची आरी, चांदीकाम करणाराचा चिमटा, अंध व्यक्तीची काठी, यांच्या बाबतीतही हेच घडते.

हे घडते कसे, मानवाच्या बुद्धीच्या वाढीत त्याचे स्थान काय, आणि आपल्या प्राथमिक शाळेतील मुलांशी त्याचा संबंध काय, या तीन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

देहप्रतिमा म्हणजे काय?

डोळे मिटूनही आपण नाकाच्या शेंड्यास अचूक बोट लावू शकतो. अंधारात जेवावयास बसलो तरी घास तोंडातच जातो. याचा अर्थ असा की, आपला देह केवढा आहे आणि कोणता अवयव या क्षणी कोठे आहे, याचा एक जिवंत नकाशा मेंदू सतत बाळगीत असतो. १९११ साली हेन्री हेड व गॉर्डन होम्स या दोन ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांची पाहणी करून ही कल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली. या नकाशास आपण येथे 'देहप्रतिमा' असे म्हणू.

हा नकाशा कातडीच्या सीमेपाशी थांबत नाही, हेही त्यांच्या ध्यानी आले. त्या काळी इंग्लंडातील स्त्रिया टोपीवर लांब पीस लावीत. त्या पिसाच्या टोकापर्यंत देहाची जाणीव पोहोचू शकते, असे त्यांनी नमूद केले. त्यासाठी इंग्लंडास जाण्याचे कारण नाही. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आलेली आपल्याकडील बाई गोठ्याच्या बुटक्या दारात नेमकी हवी तेवढीच वाकते. भारा चौकटीला घासत नाही, आणि ती उगाच जास्तही वाकत नाही. तेवढ्या वेळेपुरती तिची उंची भाऱ्यासकट मोजली जात असते.

प्रयोगांनी काय दाखविले?

पुढे कित्येक वर्षे ही कल्पना निरीक्षणावरच आधारलेली होती. १९९६ साली अत्सुशी इरिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगाने तिला भक्कम आधार मिळाला. माकडाच्या हातास पोहोचणार नाही इतक्या अंतरावर खाऊ ठेवून, तो ओढून घेण्यासाठी त्यास एक लहानसे दाताळे देण्यात आले. सरावाने माकड ते वापरण्यास शिकले. मेंदूच्या वरच्या व मागील बाजूच्या भागात काही मज्जापेशी अशा असतात की, हाताला स्पर्श झाला तरी त्या उद्दीपित होतात आणि हाताजवळ एखादी वस्तू दिसली तरीही होतात. जणू हाताभोवतीचा टापू राखण्याचे काम त्यांच्याकडे असते. माकडाने दाताळ्याने खाऊ ओढण्यास आरंभ केल्यावर या पेशींचा टापू वाढला. दाताळ्याच्या टोकाजवळ दिसणाऱ्या वस्तूसही त्या प्रतिसाद देऊ लागल्या.

या प्रयोगातील एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. माकडाने दाताळे नुसते हातात धरले, पण त्याने काही मिळविण्याचा प्रयत्न केला नाही, तर हा टापू वाढत नसे. तात्पर्य, वस्तू हातात असणे निराळे आणि हेतू मनात धरून ती वापरणे निराळे. हेतूने वापरलेले साधनच देहाचा भाग बनते.

माणसांवरील प्रयोगही उद्बोधक आहेत. २००९ साली फ्रान्समधील संशोधकांनी काही व्यक्तींना सुमारे ४० सेंटिमीटर लांबीच्या चिमट्यासारख्या साधनाने वस्तू उचलण्याचा सराव दिला. त्यानंतर साधन काढून घेऊन त्यांना रिकाम्या हाताने वस्तू उचलण्यास सांगितले. त्या वेळी त्यांच्या हाताच्या हालचालींत असा फरक दिसला की, जणू त्यांचा हात पूर्वीपेक्षा लांब झाला आहे. कोपर व बोट यांना झालेले स्पर्श कोठे झाले हे डोळे बांधून दाखविण्यास सांगितले असता, त्या दोन स्थानांतील अंतरही त्यांनी पूर्वीपेक्षा अधिक दाखविले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात, हातात धरलेल्या लाकडी काठीवर नेमका कोठे स्पर्श झाला, हे माणसे न पाहता मोठ्या अचूकतेने सांगू शकतात असे आढळले. काठीच्या प्रत्येक ठिकाणच्या आघाताने निराळी थरथर उत्पन्न होते, आणि मेंदू ती थरथर वाचतो. नांगरणारास फाळापाशी दगड लागल्याचे कळते त्यामागील रहस्य हेच होय.

आधी हत्यार, मग मोठा मेंदू

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मनुष्य बुद्धिमान होता म्हणून त्याने हत्यारे केली, असे आपण सहज बोलून जातो. पुराव्यांचा क्रम मात्र वेगळे सांगतो. टांझानियातील लेटोली येथे सुमारे ३६ लक्ष वर्षांपूर्वीची, दोन पायांवर चालणाऱ्या मानवसदृश प्राण्यांची पावले ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली सापडली आहेत. या प्राण्यांचा मेंदू आजच्या मानवाच्या मेंदूच्या जेमतेम एकतृतीयांश होता. म्हणजे प्रथम कंबर ताठ झाली, पायांनी चालण्याचे काम पत्करले आणि हात मोकळे झाले. मेंदूची मोठी वाढ त्यानंतरची आहे. केनियातील लोमेक्वी येथे सापडलेली दगडी हत्यारे सुमारे ३३ लक्ष वर्षांपूर्वीची असल्याचे २०१५ साली जाहीर झाले. आपला मानववंश उदय पावण्यापूर्वीच कोणा लहान मेंदूच्या जीवाने दगडावर दगड आपटून धारदार कपचा काढल्या होत्या. १९६४ साली लुई लीकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्डुवाई येथील एका प्राचीन मानवजातीस जे नाव दिले, त्याचा अर्थच 'हस्तकुशल मानव' असा आहे.

सुमारे १७ लक्ष वर्षांपूर्वीपासून आफ्रिकेत दोन्ही बाजूंनी घडविलेली, बदामाच्या आकाराची हातकुऱ्हाड आढळू लागते. ही हातकुऱ्हाड पाहण्यास फार दूर जावयास नको. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी नेवासे व त्याजवळील चिर्की येथे अशा कुऱ्हाडी मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. नेवाशाच्या प्राचीन अवशेषांचे संशोधन डॉ. ह. धी. सांकलिया व पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात केले. याच सांकलियांनी त्यापूर्वी, १९४५-४६ साली, डॉ. मो. गं. दीक्षित यांच्यासह आपल्या कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीचे उत्खनन केले होते. ब्रह्मपुरीची वस्ती सुमारे दोन हजार वर्षांमागची. प्रवरेकाठच्या कुऱ्हाडी मात्र कित्येक लक्ष वर्षांमागच्या आहेत.

अशी कुऱ्हाड घडविताना काय लागते याचा विचार करा. ओबडधोबड दगडात अजून नसलेला आकार आधी मनात पाहावा लागतो. कोठे, कोणत्या कोनात व किती जोराने घाव घालावा हे ठरवावे लागते. एक घाव चुकला तर सारा दगड वाया जातो. तेव्हा आजच्या घावाने पुढच्या चार घावांची सोय करावी लागते. शिवाय हे कौशल्य जन्मतः येत नाही; जाणत्याच्या शेजारी बसून, त्याचा हात पाहून, ते शिकावे लागते. म्हणजे हत्याराबरोबर शिष्य आला, आणि शिष्याबरोबर गुरू आला. आपला अध्यापनाचा व्यवसाय लिपीहून, शेतीहून आणि बहुधा भाषेहूनही प्राचीन आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हत्यारामुळेच मेंदू वाढला, असे एकच एक कारण सांगणे शास्त्राला धरून होणार नाही. आहारातील बदल, अग्नीचा उपयोग, समूहजीवन, भाषा अशी अनेक कारणे एकत्र गुंतलेली आहेत. साधने वापरणारा मनुष्य हा एकटाच प्राणीही नव्हे. चिंपांझी काडी साफ करून तिने वारुळातील वाळवी बाहेर काढतात, हे जेन गुडॉल यांनी १९६० साली गोंबेच्या अरण्यात पाहिले. परंतु चांगल्या हत्याराने अधिक अन्न मिळावे, अधिक अन्नाने मोठा मेंदू पोसला जावा, मोठ्या मेंदूने अधिक चांगले हत्यार घडवावे, असे चक्र लक्षावधी वर्षे फिरत राहिले असावे, हे मत आज बहुसंख्य अभ्यासकांना ग्राह्य वाटते. हात हा बुद्धीचा केवळ सेवक नव्हे, तो तिचा सहाध्यायी आहे.

लेखणी हेही हत्यारच

आता वर्गात येऊ. पहिलीतील मूल प्रथम पेन्सिल धरते तेव्हा ती सगळ्या मुठीत आवळते. बोटे पांढरी पडतात, जीभ बाहेर येते, खांदा वर चढतो. त्या वेळी त्याचे सारे अवधान बोटांवर असते. काही महिन्यांनी ते अवधान बोटांवरून पेन्सिलीच्या टोकावर सरकते. आणखी काही काळाने टोकावरूनही सुटते व अक्षरावर, मग शब्दावर, मग अर्थावर स्थिर होते. पट्टेबाजाचे लक्ष जसे मुठीवर नसून लिंबावर असते, तशी ही अवस्था होय. पेन्सिल देहप्रतिमेत सामावली गेल्याची ती खूण आहे.

यावरून हेही कळून येईल की, ज्या मुलाची पेन्सिल अद्याप त्याच्या देहाचा भाग झालेली नाही, त्यास शुद्धलेखन सांगून वर विचारही करावयास लावणे म्हणजे पहिल्यांदाच रुमणे धरणारास सरळ तास घालावयास सांगण्यासारखे आहे. त्याचे लेखन अडते यावरून त्याचा विचार अडतो असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते.

असा अन्याय प्रस्तुत लेखकाच्या हातूनही घडला आहे. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. घरी चपला करण्याचा व्यवसाय. अपूर्णांकांचे गणित फळ्यावर मांडले की तो खाली मान घाली. वहीतील अक्षर वेडेवाकडे. पटावर त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा लिहून मी मोकळा झालो. पुढे काही कामानिमित्त त्याच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. वडील उन्हात शिवीत बसले होते आणि हा मुलगा चामड्याच्या एका तुकड्यावर कागदी नमुने ठेवून पाहत होता. एकदा उभे, एकदा आडवे, एकदा उलटे. शेवटी त्याने ते असे बसविले की चार तळ निघून अगदी थोडे चामडे वाया गेले. मी विचारले, "हे कसे रे जमले?" तो म्हणाला, "गुरुजी, यातनं पाचवा निघत न्हाई, पण उरल्यालं पट्ट्याला चालतंय." क्षेत्रफळ, भाग, शेष, काटकसर हे सारे गणित त्याच्या हातात होते. फळ्यावर मात्र ते त्याला भेटत नव्हते. कारण मी त्याच्या हाताला वर्गात येऊच दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा व कात्री घेऊन अपूर्णांक शिकविण्यास आरंभ केला. तो शेरा खोडला. पण तो लिहिला होता ही गोष्ट पुसली गेली नाही.

हाताला काम, पण जातीचे नव्हे

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला, हे सर्वांस विदित आहे. तो विचार शाळांतून रुजला नाही, याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक कारण आपल्या जिल्ह्याने तरी विसरता कामा नये. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या रापी, कोयता, खराटा यांवाचून हाती दुसरे काही आले नव्हते, त्या समाजांना शाळेतही हत्यारच मिळणार म्हटल्यावर शंका येणे स्वाभाविक होते. त्यांना लेखणी हवी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले ते याचसाठी की, जन्माने लादलेल्या कामापलीकडचे जग सर्व मुलांस खुले व्हावे.

म्हणून चर्मकाराच्या मुलास चामडे आणि शेतकऱ्याच्या मुलास खुरपे, अशी वाटणी शाळेने कदापि करू नये. प्रत्येक साधन प्रत्येक मुलाच्या हाती यावे. मुलीने स्क्रू पिळावा, मुलाने सुई ओवावी. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याने वाफा खणावा, आणि ज्याच्या घरी फक्त खुरपे आहे त्याच्या हाती कंपास, भिंग आणि नकाशा द्यावा. हाताला काम देणे याचा अर्थ मुलाला मजुरीस जुंपणे असा नव्हे. मजुरीत एकच हालचाल दिवसभर करावयाची असते व हेतू दुसऱ्याचा असतो. शिक्षणात हेतू मुलाचा असतो. हेतूवाचून नुसते धरलेले दाताळे माकडाच्या देहाचा भाग बनले नाही, ही गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

वर्गात करून पाहण्याजोगे

१. मुलांचे डोळे रुमालाने बांधून हातात एक हातभर लांबीची काठी द्यावी. काठीच्या टोकाने पोते, वाळू, पाटी, ओली माती व लाकूड ओळखावयास सांगावे. नंतर विचारावे, 'तुला खरखरीतपणा कोठे जाणवला, हातात की काठीच्या टोकाशी?' मुलांची उत्तरे ऐकून शिक्षकासही नवे काही शिकावयास मिळेल.

२. पहिली-दुसरीत पेन्सिलीपूर्वी व पेन्सिलीबरोबर चिकणमाती, मणी ओवणे, कागद फाडणे व कातरणे, चिमट्याने चिंचोके उचलून वाटीत टाकणे, अशी कामे नियमाने द्यावी. बोटांचा सराव हे लेखनाच्या मार्गातील विघ्न नसून लेखनाचा पाया आहे.

३. परसबागेत खुरपे देताना 'खुरपा' एवढीच आज्ञा न देता, 'गवत मुळासकट निघाले पाहिजे, रोपाला धक्का लागता कामा नये' असा हेतू सांगावा.

४. गावातील कुंभार, सुतार, लोहार, चपला करणारे, शिवणकाम करणारी भगिनी, गुऱ्हाळावरील गुळव्या, यांस वर्षातून एकदा तरी वर्गात सन्मानाने बोलवावे. रस कोणत्या क्षणी गुळाला आला हे गुळव्या कसे ओळखतो, याचे उत्तर ऐकणे हा विज्ञानाचाच पाठ आहे. घरच्या कामगाराचा मान वर्गात झालेला पाहून त्याच्या मुलाची मानही वर होते.

५. वर्गात अंध विद्यार्थी असेल, तर त्याची पांढरी काठी कोणी ओढू नये, लपवू नये, विचारल्यावाचून हलवू नये. ती काठी ओढणे म्हणजे त्याचा हात ओढणे होय. चाकाची खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या बाबतीतही हाच नियम पाळावा, व त्याचे कारण सर्व मुलांस समजावून सांगावे.

६. मोबाइल व टॅबलेट आता वाड्यावस्त्यांवरही पोहोचले आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु काचेवर बोट सरकविताना जड-हलके, ओले-कोरडे, धार-बोथट यांचा अनुभव येत नाही. पडद्यावर पाहिलेली गोष्ट शक्य तेथे हाताने करावयास द्यावी.

समारोप

लक्षावधी वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कोणी एकाने काळा दगड हातात घेऊन त्यात नसलेला आकार पाहिला, आणि शेजारी बसलेल्या लहानग्याने त्याच्या हाताकडे निरखून पाहिले. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या दोन हातांत तो वारसा आहे. वर्गात येताना मुले केवळ डोके घेऊन येत नाहीत, हातही घेऊन येतात. काहींचे हात घरी बरेच काही शिकून आलेले असतात, काहींचे हात अजून काहीच शिकलेले नसतात. पहिल्यांच्या हातातील ज्ञान ओळखणे आणि दुसऱ्यांच्या हाताला ज्ञान देणे, ही दोन्ही कर्तव्ये आपली आहेत. तेव्हा कोणा मुलाच्या नावापुढे शेरा लिहिण्यापूर्वी आपण एकदा त्याच्या हाताकडे पाहावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.